रद्दीवर स्केचिंग: नवीन मुलांसाठी थोडा अनुभव

आर्ट कॉलेजच्या फाउंडेशनला अ‍ॅडमिशन झाली तेव्हा कोरा कार्ट्रिज (चित्रकलेचा जाड कागद) समोर ठेवला की माझा हातच चालायचा नाही, महागाचा कागद वाया जाईल याचीच धाकधूक. मग घरातली रद्दी काढली. पेपरवर बिघडलं तर बिघडलं, कोण विचारतंय. आणि हे काही भिकेचे डोहाळे नाहीत बरं का, पिकासोने १९१२ मध्ये पेपरची कात्रणं थेट चित्रात चिकटवलीत.

खरा फायदा मला टोनमध्ये, म्हणजे उजेड-सावलीच्या छटांमध्ये झाला. पेपर जरा लांब धरून डोळे बारीक करून बघा, बारीक अक्षरांचा रकाना करडा दिसतो, हेडलाइन काळी. म्हणजे मधला टोन आयताच छापून मिळालेला असतो, आपण फक्त गडद सावली कोळशाने आणि उजेड पांढऱ्या पोस्टर कलरने टाकायचा. आजी मेथी निवडत बसलेली, तिला मी छोट्या जाहिरातींच्या पानावर काढलं, साडीला हातच लावला नाही, नुसत्या निऱ्यांच्या सावल्या आणि नाकावर, ताटाच्या काठावर पांढरा. पदरावर सगळ्या 'वधू पाहिजे' आल्या, ते वेगळंच!

वॉटरकलर मात्र नको. मी केला, कागदाचा लगदा झाला. रंगच लावायचा असेल तर पेपर पुठ्ठ्यावर चिकटवा, वरून पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा पातळ हात द्या, नीट वाळू द्या. पण त्यावर मग कोळसा धरत नाही, ब्रशनेच काम करावं लागतं. चकचकीत पुरवणीवर पण कोळसा घसरतो, साधं पानच घ्या.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षावाल्यांनी स्मरणचित्रासाठी पेपरातले फोटो वापरा, बाजार, बस स्टॉप, दहीहंडी काहीही. पण कॉपी नको. मिनिटभर बघायचं, पेपर उलटा ठेवायचा, काढायचं, मग उघडून बघायचं काय सुटलं. माझे कायम पायच सुटायचे, गर्दीतली सगळी माणसं हवेत.

एक लक्षात ठेवा, या कागदात लिग्निन (लाकडातला एक घटक) असतं, उन्हात पटकन पिवळा पडतो. पोर्टफोलिओत दाखवायचं असेल तर त्याच दिवशी चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा. आणि घरी आधीच सांगून ठेवा, माझी अकरा स्केचेस रद्दीवाल्याकडे किलोच्या भावाने गेलीत.