पश्चिमेच्या खिडकीला सावली बाहेरून द्या

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की पश्चिमेची खोली संध्याकाळी भट्टीसारखी होते. आतून जाड पडदा लावून फारसं भागत नाही. ऊन काचेतून आत आलेलं असतं, तापलेला पडदा ती उष्णता खोलीतच सोडतो.

१. केळीच्या रोपवाटिकेत वापरतात तशी हिरवी शेडनेट किंवा बांबूची चटई खिडकीबाहेर, छज्ज्याला बांधा.
२. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा, म्हणजे मधून हवा खेळेल. हे अजिबात चुकवू नका.
३. दुपारी खिडकी बंद. रात्री बाहेर गारवा आला की समोरासमोरच्या खिडक्या उघडा.

रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनची वादळं केळीच्या बागा आडव्या करतात, म्हणून सुरगाठच मारा आणि आभाळ भरून येताच नेट उतरवा.