तोमोए-नागे: स्वतः पाठीवर जाऊन मारायची फेक

कुस्तीत पाठ मातीला टेकली की निकाल लागला. त्यामुळे आखाड्यातून ज्युदोत आलेल्या मुलांना सुतेमी-वाझा, म्हणजे स्वतःचा तोल सोडून मारायच्या फेकी, सुरुवातीला पटत नाहीत. ती अर्धवट बसतात, पाठ वाचवायला बघतात आणि डाव तिथेच मरतो. या फेकी निम्म्या मारता येत नाहीत. खाली जायला निघालात की पूर्ण जायचं.

सुतेमीचे दोन गट आहेत. मा-सुतेमीत फेकणारा, म्हणजे तोरी, सरळ पाठीवर जातो, तर योको-सुतेमीत कुशीवर. नागे-नो-कातात, म्हणजे फेकींच्या ठरलेल्या क्रमाच्या प्रात्यक्षिकात, दोन्ही गटांतल्या तीन-तीन फेकी येतात, आणि त्यांतली पहिली तोमोए-नागे. शिकायला सुरुवातही हिच्यापासूनच करावी, कारण यात उके, म्हणजे फेकला जाणारा, पुढे लोळून पडतो आणि त्याला स्वतःचं पडणं सांभाळता येतं. उरा-नागेत, म्हणजे उकेला कवळून मागे फेकायच्या डावात, तशी सोय नाही. ती नंतर.

पोटावर पाय ठेवून माणूस उडवायचा, असा या फेकीबद्दल सर्रास गैरसमज आहे. पाय हा फक्त टेकू. उकेला फिरवतो तो त्याचाच पुढे आलेला भार आणि हातांतून त्याच्या खांद्यांना लटकलेलं तुमचं पडतं वजन. म्हणून मांड्यांच्या ताकदीपेक्षा तुमची कंबर कुठे टेकते याला जास्त किंमत आहे.

संधी आणि प्रवेश

वर्णन उजव्या बाजूचं आहे: डाव्या हातात उकेची उजवी बाही कोपराजवळ, उजव्या हातात त्याची डावी कॉलर. उकेला दोन पावलं मागे रेटा. तो उलट रेटू लागेल. मागचा पाय पुढे आणून दोन्ही पाय एका रेषेत येतात तो क्षण पकडायचा. एक पाय पुढे असेल तर तो त्याच्यावर रोवून उभा राहतो आणि तुम्ही नुसतेच खाली बसता.

आता दोन्ही हात वर आणि स्वतःकडे. उकेच्या टाचा उचलल्या जाऊन भार चवड्यांवर आला पाहिजे. त्याच वेळी डावा पाय त्याच्या दोन पायांमध्ये जमेल तितका आत टाका आणि त्याच टाचेजवळ बसा. नितंब आणि टाच यांत वीतभरापेक्षा जास्त अंतर नको. उजवा गुडघा छातीकडे दुमडून तळपाय उकेच्या ओटीपोटावर, पट्ट्याच्या गाठीखाली लावा. लाथ मारायची नाही, पाय चिकटवायचा.

नितंब, कंबर, पाठ, खांदे अशा क्रमाने गोल लोळत जा. हनुवटी छातीला आणि नजर उकेच्या पट्ट्यावर ठेवा, म्हणजे डोकं मॅटवर आपटत नाही. हात तुमच्या कपाळावरून डोक्यामागे जातील असे कमानीत ओढा. उकेची कंबर तुमच्या कंबरेवर आली की मगच पाय सरळ करा.

कुठे बिघडतं

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे लांब बसणं. कंबर उकेपासून हातभर दूर राहिली की पाय आधीच ताणलेला असतो आणि टेकू तिरका लागतो. उके जागचा हलत नाही, शांतपणे तुमचा पाय बाजूला सारून अंगावर येतो आणि ओसाएकोमी, म्हणजे पाठीवर दाबून धरणं, सुरू होते. 20 सेकंद दाबून धरलं की इप्पॉन, म्हणजे लढत जिंकणारा पूर्ण गुण, त्याचा.

पाय लवकर झाडला तर उके वर जाण्याऐवजी मागे ढकलला जातो, म्हणजे तुम्हीच त्याला उभं राहायला मदत करता. पाय फार वर, बरगड्यांवर लागला तर घसरतो आणि इजाही करतो. मांडीवर लागला तर उके त्याला वळसा घालून निघून जातो. हात खाली, स्वतःच्या छातीकडे ओढले तर सगळं वजन तुमच्या तोंडावर. हे एकदा झालं की शिकणारा हात सैल सोडायला लागतो, आणि ती सवय मोडायला वेळ लागतो.

सराव

दोघांनाही पुढे लोळून पडण्याची उकेमी, म्हणजे इजा न होता पडण्याची रीत, दोन्ही खांद्यांवरून येत नसेल तर हा डाव उघडूच नये. घाबरलेला उके हात टेकवतो, आणि मनगट, कोपर किंवा गळ्याजवळचं हाड जातं ते तिथेच. तोरीच्या डोक्यामागे निदान तीन मीटर मॅट मोकळी हवी. दुसरी जोडी तिथे सराव करत नाही ना, हे दर वेळी पाहा.

पहिल्यांदा एकट्याने: उभ्याने टाचेजवळ बसून गोल लोळणं, दहा वेळा. मग तोरीने आधीच पाठीवर झोपावं आणि उकेने वाकून दोन्ही कॉलरी धराव्यात. तोरी तळपाय लावून त्याला हवेत तोलतो आणि पुन्हा खाली ठेवतो. टेकूची बरोबर जागा या कवायतीत जितकी लवकर कळते तितकी बोलून कळत नाही. तोलणं जमलं की हळूच डोक्यावरून पलीकडे सोडा. त्यानंतर उभ्याने: उके सांगून एक पाऊल पुढे टाकतो, तोरी जाड गादीवर फेकतो. पाच-पाच फेकींनी बाजू बदला, कारण थकलेला उके नीट लोळत नाही. बाही शेवटपर्यंत धरून ठेवा, त्यामुळे त्याचा खांदा आत वळतो. रेटारेटीतून फेकणं हा यापुढचा टप्पा, आणि रांदोरी, म्हणजे मोकळ्या लढतीचा सराव, सर्वांत शेवटी.

रांदोरीत पाय एका रेषेत क्वचितच मिळतात. म्हणून स्पर्धांत आडवी तऱ्हा, योको-तोमोए, जास्त दिसते: तोरी उकेच्या खाली आडवा शिरतो, पाय जांघेच्या घडीत लावतो आणि उकेला तिरकं फिरवतो. 1981 चे 65 किलो गटातले विश्वविजेते कात्सुहिको काशिवाझाकी तोमोए-नागेसाठी आणि त्यातून जमिनीवरच्या डावात सरकण्यासाठी प्रसिद्ध होते. फेक अर्धीच लागली तर बाही न सोडता पाय उकेच्या डोक्यावरून घेऊन जुजी-गातामेत, म्हणजे कोपर ताणून धरायच्या पकडीत, जाता येतं. पूर्ण लागली तर त्याच्यामागोमाग उलटं लोळून वर बसा.

प्रतिस्पर्धी कंबर खाली टाकून वाकून खेळत असेल तर त्याच्या पोटापर्यंत पाय पोचतच नाही. तिथे सुमी-गाएशी वापरा, म्हणजे पावलाचा वरचा भाग त्याच्या मांडीखाली आतून अडकवून उचला. आणि तोल न मोडता नुसतं खाली ओढून बसलात तर पंच शिदो, म्हणजे ताकीद, देतात. असे तीन झाले की लढत हातची जाते.