बेघरांमध्ये फील्डवर्क करणाऱ्या टीमला सांभाळताना या चुका टाळा

बेघरांवरच्या अभ्यासाचा प्रस्ताव वाचला की त्यात सगळं सापडतं: नमुना निवड, प्रश्नावली, संमतीपत्र, एथिक्स कमिटीची मंजुरी. मुलाखती घेणाऱ्या पोरापोरींच्या नावावर मात्र 'प्रवासखर्च' एवढीच ओळ. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी रात्री कोल्हापूरच्या सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, बाकावर बसून घरातून हाकलल्याची हकिकत ऐकणार, आणि तिच्यासाठी आपण मंजूर केलंय काय, तर रिक्षाभाडं. पुढच्या बहुतेक गडबडींचं मूळ या बजेटमध्येच असतं.

हजेरी घेणं म्हणजेच आधार देणं, असं समजणं

संध्याकाळी फोन. "किती झाल्या?" "तीन." "उद्या पाच करा." गाईड मंडळी, म्हणजे प्रकल्पाचे मार्गदर्शक, यालाच 'रोजचा संपर्क' म्हणतात. आकडे व्हॉट्सॲपवर घ्या की! बोलण्यासाठी आठवड्यातून एक तास वेगळा ठेवा, कामाच्या वेळेत आणि पगारी. त्या तासाला समोर बसणारी व्यक्ती कंत्राट वाढवणारी नको. ज्याच्या सहीवर पुढचे सहा महिने अवलंबून आहेत, त्याला "सर, झोप लागत नाही" असं कोण सांगणार? समुपदेशनाचा अनुभव असलेलं बाहेरचं कुणी शोधा आणि त्यांचं मानधन प्रस्तावातच धरा.

"कशी आहेस?" असं विचारलंत तर "बरी आहे मॅडम" हेच उत्तर येईल. त्यापेक्षा "कुठली मुलाखत अजून डोक्यात फिरतेय?" असं विचारून बघा. पानभर येणाऱ्या फील्ड नोट्स चार ओळींवर आल्या, कुणी भवानी मंडपाकडे जायचं सारखं टाळू लागलं, कुणी मुलाखत दिलेल्यांची टिंगल करू लागलं, तर आळस म्हणून झापू नका. थकव्याची ही पहिली लक्षणं असू शकतात. अशा वेळी काही दिवस फील्ड बंद करून ऑफिसातलं काम द्या. पगार न कापता.

पैशाचा प्रश्न टीमवर सोडणं

मुलाखत संपते आणि आजोबा म्हणतात, "बाळ, बीपीच्या गोळ्या संपल्यात." मुलगी पर्समधून पन्नास रुपये काढते. दुसऱ्या दिवशी तिथं आणखी तिघं थांबलेले. तिची जोडीदारीण देत नाही, म्हणून ती 'कडक मॅडम'. मग दोघींत धुसफूस, आणि मुलाखतीही बिघडतात, कारण आता लोक देणारीला आवडेल ते सांगू लागतात.

नियम आधी ठरवा आणि तो प्रकल्पाचा आहे हे टीमला उघडपणे सांगता येऊ द्या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागींना वेळेचा आणि खर्चाचा मोबदला देता येतो. मात्र ती रक्कम आमिष ठरेल इतकी नसावी. सगळ्यांना सारखाच द्या, संमतीपत्रात लिहा. त्याशिवाय खिशात मावेल असं एक कार्ड छापा: सीपीआर या सरकारी दवाखान्यात केसपेपर कुठं निघतो, जवळचं निवारा केंद्र, रुग्णवाहिकेसाठी १०८, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६. हा शेवटचा नंबर टीमच्याही कामाचा आहे. अडीअडचणीसाठी थोडी रोख रक्कम व्हाउचरवर ठेवा. वडापावच्या गाड्यावर पक्की पावती मिळत नाही, हे अकाउंट्सवाल्यांना आधीच पटवून ठेवलेलं बरं.

"बघ काय करता येतंय" म्हणून मोकळं होणं

घाटावर कुणी भ्रमात बडबडतंय, पायाची जखम चिघळलीय. अशा वेळी एकट्या संशोधन सहाय्यकानं निर्णय घ्यायचा नसतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार अशा भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला नेणं हे पोलीस ठाण्याचं काम आहे. ठाण्याला कामाचं पत्र आधीच द्या, आणि फोन ज्येष्ठांपैकी कुणीतरी करा.

पण पोलिसांशी बोलताना नावांची यादी कधीही देऊ नका. भीक मागण्याला प्रतिबंध करणारा १९५९ चा कायदा महाराष्ट्रात आहे. सर्व्हेवाले येऊन गेले आणि मागोमाग उचलाउचल झाली, तर शिव्या त्या मुलीलाच बसतात.

कॅलेंडर न बघता टार्गेट देणं

नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती गर्दी उसळते, तेव्हा रोजची माणसं रोजच्या जागी सापडतीलच असं नाही. पावसाळ्यात पंचगंगा चढली की घाट पाण्याखाली; २०१९ आणि २०२१ च्या पुरांत तर शहराचे कितीतरी भाग बुडाले. ठरलेला माणूस पुन्हा भेटला नाही की सहाय्यकाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. दुसऱ्या भेटी या दिवसांत ठेवूच नका.

ऑफिसातल्यांना विसरणं

ट्रान्सक्रिप्शन करणारा, म्हणजे मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढणारा, एकच वाक्य दहादा मागे घेऊन ऐकतो, तेही हेडफोनवर, एकटा. त्यालाही त्या साप्ताहिक तासात बसवा.

शेवट न ठरवणं

प्रकल्प मार्चमध्ये संपतो, फोन जूनमध्येही येत राहतात. म्हणून स्वतःचा नंबर कुणीच देऊ नये. प्रकल्पाचं वेगळं सिमकार्ड घ्या. शेवटच्या महिन्यात प्रत्येक जागी जाऊन "आता आमचं येणं बंद होणार" असं तोंडी सांगा, आणि ते सांगायला गाईडनं स्वतः सोबत जावं. सिम नंतर कुणाकडे राहणार आणि आलेला फोन कोण कुठं जोडून देणार, हे कंत्राट संपायच्या आत लिहून ठेवा.