गोव्यात दिवाळी करायची तर

काडेपेटी. हे आधी लिहून ठेवा, मग पुढचं वाचा.

दिवाळीला गोव्यात घर भाड्याने घेऊन सगळ्यांनी जमायचं ठरलं असेल, तर कपडे, औषधं, चार्जर यांवर मी बोलणार नाही. उटणं, मोती साबण आणि वासाचं तेल घरूनच न्या. तेलाची बाटली दोन पिशव्यांत गुंडाळा, नाहीतर पैठणीलाच पहिलं अभ्यंगस्नान घडतं. फराळ घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. समुद्राकाठच्या हवेत चकली बघता बघता सादळते. लाडू टिकतात. अनारसे नेऊ नका, चुरा होतो आणि मग तो कुणी केला यावर चर्चा होते.

पणत्या, कंदील, रांगोळी यांचं ओझं कशाला? म्हापसा, पणजी, मडगावच्या बाजारांत दिवाळीआधी सगळं मांडलेलं असतं. कारीटसुद्धा मिळतं, कारण गोवेकरही नरकचतुर्दशीला तुळशीपाशी ते अंगठ्याने फोडतातच. पोहे तिथलेच घ्या. त्या सकाळी गोव्यात घरोघरी पोह्यांचे चार-पाच प्रकार होतात, गुळातले, ताकातले, दुधातले, बटाट्याचे. आपणही निदान दोन करावेत.

आता काडेपेटी. विमानात ती हातातल्या बॅगेत चालत नाही, मोठ्या बॅगेतही नाही, आणि लायटरचंही तेच. म्हणून उतरल्यावर पहिलं वाणसामान घ्याल त्यातच ती घ्यायची. ‘घरात असेलच की’ म्हणू नका. नसते. भाड्याच्या घरात इंडक्शनची शेगडी असते, फार तर गॅसचा खटखट लायटर. त्याच्या ठिणगीवर वात पेटत नाही, मी प्रयत्न केलाय. पहाटेची वेळ, तेल लावून मंडळी रांगेने पाटावर बसलेली, निरांजनात फुलवात तुपात भिजलेली, ताम्हणात सुपारी, सगळं तयार. आणि घरात सिगारेट ओढणारा एकही माणूस नाही! आमचं घराणं निर्व्यसनी आहे याचा मला तेव्हा पहिल्यांदा राग आला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

तर दोन पेट्या घ्या. एक डबीत बंद करून, कारण दमट हवेत काड्यांचं गुल मऊ पडतं आणि घासलं की नुसतं सोलून निघतं. दुसरी भरवशाच्या माणसाकडे द्या. नवऱ्याकडे नको.

आदल्या रात्री मुलांना नरकासुर दाखवाच. पोरं कित्येक दिवस खपून कागदाचे अवाढव्य पुतळे करतात, स्पर्धा लागतात, रात्रभर दणदणाट चालतो आणि पहाटे दहन. पण गाडी घेऊन शहराच्या मध्यात शिरू नका, अडकाल. जवळच्या वाड्यावरचा चालत जाऊन बघा. मुंबई-पुण्यासारखी ओला-उबर इथे नाही, तेव्हा मध्यरात्री टॅक्सी मिळेल हे गृहीत धरू नका. आणि रात्रभर जागलेलं गाव सकाळी लवकर दुकान उघडत नाही. कशासाठी सांगतेय ते कळलं ना?

घर ठरवतानाच गीझर किती लिटरचा ते विचारा. पंधरा लिटरच्या गीझरवर दहा जणांचं अभ्यंगस्नान दुपारपर्यंत चालतं. पणत्या पडवीत कुठे चालतील तेही विचारा, जुन्या लादीवरचा तेलाचा डाग जात नाही. मालक किंवा शेजारी ख्रिस्ती असले तरी फराळाचं ताट द्या. तिथे सणाचं गोडधोड इकडून तिकडे जातंच, नाताळला त्यांच्याकडून नेवऱ्या आणि दोदोल येतो.

फटाके रेल्वेने अजिबात नेऊ नका. 1989च्या रेल्वे कायद्याचं कलम 164 आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विमानाचं तर विचारूच नका.

लक्ष्मीपूजनाला लाह्या, बत्तासे, केरसुणी. ही तिथेच घ्या, विमानात केरसुणी घेऊन उभं राहायची हौस असेल तर तुमची मर्जी. पूजा मांडण्याआधी काडेपेटी जागेवर आहे का बघा. कुणीतरी डासांच्या अगरबत्तीसाठी उचललेली असते.

पाडवा, ओवाळलं की झालं. भाऊबीजेला परतीची सकाळची गाडी काढू नका. काढलीच असेल तर सुपारी, अंगठी, अक्षता एका डबीत, सगळ्यात वरच्या पिशवीत. भावांना रोख पैसे बाळगायला सांगा. मडगाव स्टेशनवर ‘यूपीआय करतो’ म्हणाला तर ताटात काय टाकणार, फोन?