छोट्या कार्यक्रमांसाठी अँप मॉडेलर पेडल निवडताना

मॉडेलर पेडल (वेगवेगळ्या गिटार अँप्लिफायरच्या, म्हणजे अँपच्या आवाजाची नक्कल करणारं पायाशी ठेवायचं यंत्र) घेताना पहिला प्रश्न बहुधा 'यात अँप किती?' हा असतो. गोव्यातल्या छोट्या कार्यक्रमांसाठी तो सगळ्यात शेवटी विचारावा. मोरजीचा शॅक असो, फोंड्यातला लग्नाचा हॉल असो की जत्रोत्सवाचा रंगमंच, गिटारवाल्याला तीन आवाज पुरतात: स्वच्छ, किंचित फाटलेला आणि सोलोचा. स्ट्रायमन इरिडियममध्ये तर फेंडर डिलक्स रिव्हर्ब, व्हॉक्स एसी३० आणि मार्शल प्लेक्सीच्या धाटणीचे तीनच अँप आहेत, आणि त्यांवर अख्खी रात्र निघते. आधी पाहायचं ते हे की पेडलमधला आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरपर्यंत कसा पोचणार आणि पेडलला वीज कुठून मिळणार.

आउटपुटपासून सुरुवात करा. लाइन ६ एचएक्स स्टॉम्पसारख्या बऱ्याच छोट्या पेडल्सना एक्सएलआर (माइकच्या तारेसारखं तीन पिनांचं) आउटपुट नसतं, पाव इंची जॅकच असतो. साध्या गिटार केबलवर सहा मीटरच्या पुढे गेलात की घरघर शिरू लागते, आणि हॉलमध्ये मिक्सर त्याहून लांब असतो. म्हणून पेडलच्या बजेटमध्येच एका डीआय बॉक्सचे (पेडलचा आवाज लांबच्या मिक्सरपर्यंत घरघरीविना नेणाऱ्या डबीचे) पैसे धरा. तो पॅसिव्ह (वीज न लागणारा), ट्रान्सफॉर्मरवाला घ्या. अ‍ॅक्टिव्ह डीआयला एकतर बॅटरी लागते किंवा मिक्सरकडून ४८ व्होल्ट, आणि शॅकमधल्या छोट्या मिक्सरवर ती सोय असेलच असं नाही. मॉडेलरचं आउटपुट मुळातच दणकट असतं, त्याला पॅसिव्ह डीआय पुरतो. शिवाय ट्रान्सफॉर्मरमुळे अर्थिंगचा मेळ नसताना येणारी घूंऽऽ तुटते. तरी राहिलीच, तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं (आवाजाच्या तारेतली अर्थची जोडणी सोडवणारं) बटण दाबा. विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणं हा उपाय नव्हे. ओलसर वाळूवर उभं राहून माइकला ओठ लावणाऱ्याच्या जिवाशी तो खेळ आहे.

आउटपुटची पातळी 'इन्स्ट्रुमेंट' आणि 'लाइन' अशी बदलता येते का, हेही पाहा. डीआयमध्ये जाताना इन्स्ट्रुमेंट ठेवा. लाइनवर ठेवलं तर मिक्सरच्या प्रीअँपमध्ये (आवाज आत घेणाऱ्या पहिल्या टप्प्यात) आवाज फाटू शकतो आणि दोष पेडलच्या माथी जातो.

विजेचं गणित मिलिअँपमध्ये मांडायचं. साध्या ओव्हरड्राइव्ह पेडलला (आवाज किंचित फाडणाऱ्या) १० ते २० मिलिअँप पुरतात. इरिडियम किमान ५०० मागतं, एचएक्स स्टॉम्पचा स्वतःचा अडॅप्टर ३ अँपिअरचा, म्हणजे ३००० मिलिअँपचा आहे. दोन्ही ९ व्होल्टची आणि मधली पिन ऋण असलेली. एकाच अडॅप्टरला साखळी लावून इतर पेडल्सबरोबर मॉडेलर जोडला की बारीक शिट्टी येते, कारण त्याच्या डिजिटल भागाचा गोंगाट सामायिक तारेतून बाकीच्या पेडल्समध्ये शिरतो. त्याला पॉवर सप्लायचं स्वतंत्र, आयसोलेटेड (बाकीच्यांपासून तोडलेलं) आउटपुट द्या. आपल्याकडे वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही क्षण मॉडेलरला बंद पाडायला पुरेसे असतात. म्हणून विकत घेण्याआधी प्लग काढून परत लावा, पेडल किती सेकंदांत वाजू लागतं ते मोजा, आणि शेवटचा प्रिसेट (साठवून ठेवलेला आवाज) परत येतो की पहिल्यावरच उडी मारतं तेही बघा. किनाऱ्यावरच्या जागांसाठी बॉस जीटी-१ चा विचार जरूर करा. ते चार डबल-ए बॅटऱ्यांवर चालतं, मग जनरेटरची फिकीर नाही.

मॉडेलरला स्वतःचा स्पीकर नसतो, हे पहिल्या कार्यक्रमात फार जाणवतं. फ्लोअर मॉनिटर नसेल तर स्वतःची गिटार ऐकूच येत नाही. दोन आउटपुट असलेलं पेडल इथे कामाला येतं: डावं मिक्सरला, उजवं तुमच्या छोट्या पॉवर्ड स्पीकरला. मात्र अशा वेळी सगळे इफेक्ट मोनो ठेवा. स्टीरिओ डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) डावी-उजवीकडे उसळत असेल, तर अर्धेच ठोके लोकांपर्यंत जातील.

जागेवर गिटारचाच अँप मिळाला तर त्याच्या एफएक्स रिटर्नमध्ये (अँपचा प्रीअँप टाळून आत जाणाऱ्या मागच्या जॅकमध्ये) शिरा आणि पेडलमधलं कॅब सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीची नक्कल) बंद करा. रिटर्न नसेल तर पुढच्या इनपुटमध्ये जा आणि अँप मॉडेलही बंद करा. नाहीतर अँपवर अँप चढून आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. हे दोन बदल एका बटणावर होतात का, हा निवडीचा चांगला निकष आहे.

फूटस्विच तीन असले तर जेमतेम भागतं. नाट्यगीतानंतर लगेच हिंदी फर्माईश येणाऱ्या कार्यक्रमांत चार-पाच हवेत, आणि चपलेचा पाय शेजारच्या बटणावर पडणार नाही इतकं अंतरही.

घरी हेडफोनवर बनवलेले प्रिसेट स्टेजवर फसतात. हळू आवाजात कानाला खर्ज आणि तीव्र स्वर कमी ऐकू येतात, म्हणून आपण ते वाढवून ठेवतो. मोठ्या आवाजात तेच घुमतात आणि टोचतात. प्रिसेट कार्यक्रमाइतक्या आवाजात, पीएसारख्या (कार्यक्रमातल्या लाउडस्पीकरसारख्या) स्पीकरवर बसवा. कॅब सिम्युलेशननंतर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं आणि ५ ते ६ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. खालची जागा बेसची आणि कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताची आहे. गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारी पातळी) घरच्यापेक्षा कमी ठेवा. सोलोसाठी ३ डेसिबलची वाढ पेडलमधल्या अँप ब्लॉकच्या (अँपची नक्कल करणाऱ्या भागाच्या) नंतर लावा. आधी लावली तर आवाज मोठा न होता फक्त जास्त फाटतो.

उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो, त्यामुळे साउंड चेकला वेळ थोडाच मिळतो. मास्टर व्हॉल्यूमची खरी गोल खुंटी असलेलं पेडल तेव्हा मेनूवाल्यापेक्षा सरस ठरतं.

खारी हवा जॅक खाते. पिशवीत सिलिका जेल ठेवा, आणि शॅकचा सीझन सुरू होण्याआधी जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर करा.