सबफाइलमधली निसटणारी ओळ: माझा अनुभव

आयबीएम आयवर, म्हणजे आपल्या जुन्या एएस/४०० या व्यावसायिक संगणकप्रणालीवर, दर बदलायची एक स्क्रीन मी आरपीजी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली होती. सबफाइलमध्ये, म्हणजे स्क्रीनवर ओळी दाखवणाऱ्या तक्त्यात, मालाची यादी; दर टाकायचा आणि एंटर दाबायचं. आरपीजीची रीडसी ही आज्ञा फक्त बदललेल्या ओळी वाचते. ओळ बरोबर असली की लगेच फाइलमध्ये जतन, चूक असली की लाल करून स्क्रीन पुन्हा समोर.

एके दिवशी स्टोअरच्या ताईंचा फोन आला, "अहो, दर भरलाय, पण बिलात जुनाच येतोय!" मी शेजारी बसून पाहिलं. दोन दर चुकले होते. त्यांनी एक सुधारला, एंटर दाबलं आणि 'नोंदी जतन झाल्या' असा संदेश आला. दुसऱ्या ओळीला या खेपेला हात लागला नव्हता, त्यामुळे रीडसीच्या लेखी ती बदललीच नव्हती. ती तपासलीच गेली नाही. ते पाहून पोटात धस्स झालं, कारण असे किती दर राहिले असतील!

उपाय एका कीवर्डचा निघाला. स्क्रीनची मांडणी ज्यात लिहितात त्या डीडीएसमध्ये, सबफाइलच्या रेकॉर्ड फॉरमॅटला (ओळीच्या आराखड्याला) एसएफएलएनएक्सटीसीएचजी (SFLNXTCHG) लावलं, ४१ नंबरच्या इंडिकेटरवर, म्हणजे चालू-बंद खुणेवर. चूक सापडली की ४१ चालू करून ती ओळ अपडेट या आज्ञेने सबफाइलमध्ये पुन्हा लिहायची. मग कोणी हात लावो न लावो, पुढच्या एंटरला रीडसी ती ओळ आणतेच.

फक्त यादी भरताना, सबफाइलमध्ये ओळ घालणाऱ्या राईट या आज्ञेच्या आधी, ४१ बंद करायला विसरू नका. मी विसरलो होतो, आणि सगळ्याच ओळी बदललेल्या म्हणून यायला लागल्या.