निधनाची बातमी सापडत नसेल तर पुढच्या वर्षीची फाईल काढा

जुन्या पेपरात आजोबा-पणजोबांच्या निधनाची बातमी शोधताय आणि सापडत नाहीये? खेड्यातल्या घरात त्या गडबडीत पेपरला कळवायचं कोणाला सुचत नव्हतं, पण वर्षश्राद्धाची जाहिरात फोटोसकट आवर्जून द्यायचे.

१. अंदाजे तारखेपासून तेरवीपर्यंतचे अंक बघा.
२. नाही मिळालं तर थेट पुढच्या वर्षीचे, "प्रथम पुण्यस्मरण" शोधा. वर्षश्राद्ध तिथीने करतात म्हणून ती तारीख दहा-अकरा दिवस अलीकडे येते, मधे अधिक महिना आला तर अठरा-एकोणीस दिवस पुढे, तेवढे अंक चाळाच.
३. घर मराठवाड्यातलं असेल तर लोकमतची औरंगाबाद आवृत्ती १९८२ ची, त्याआधीचं असेल तर लायब्ररीत दैनिक मराठवाडाच्या फायली मागा.
४. फोटो काढताना पानावरची तारीख पण घ्या, नुसत्या कात्रणाचा नंतर काही पत्ता लागत नाही.

खरा माल खाली "शोकाकुल" मधे असतो, मुलं, जावई, कधी कधी गावासकट, सोयरीक कुठं कुठं झाली ते तिथंच कळतं. लग्नाचं म्हणाल तर तशा जाहिराती कमीच, त्यापेक्षा घरातली जुनी पत्रिका शोधा.

फक्त जाहिरातीतल्या वयावर जाऊ नका, ते बहुतेक अंदाजपंचे असतं, आणि वारसाच्या कामाला मृत्यूचा दाखलाच लागतो.